साखर खाऊन गेलेले साहेब

माझा धाकटा भाऊ दारातून आत येताना वाकतो. आनेकलमधलं आमचं भाड्याचं घर ज्यानं बांधलं, त्यानं सहा फूट पाच इंचांचा माणूस कधी पाहिला नसावा. नववीत असताना त्याचं कपाळ दर आठवड्याला चौकटीवर आपटायचं. मग मान आपोआप खाली जायला शिकली. आता तो जिथं गरज नाही तिथंही वाकतो. मॉलच्या दारात, बँकेच्या दारात, एकदा तर मैदानाच्या उघड्या फाटकातून जातानासुद्धा, जिथं डोक्यावर आभाळाशिवाय काही नव्हतं. मी त्यावरून त्याला पुष्कळ चिडवलंय. अलीकडे चिडवत नाही.

घरात आम्ही त्याला तम्मा म्हणतो. कन्नडमध्ये तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तो मला अक्का म्हणतो. आम्ही मूळचे निपाणीकडचे. अप्पा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात डिस्पॅचला लागले तेव्हा मी शाळेत नुकतीच जायला लागले होते आणि तम्मा अजून जन्मायचा होता. घरात मराठी, जिन्यात कन्नड, असं आमचं चालतं. शहरात, इंदिरानगरला, माझ्या ऑफिसात पुण्या-मुंबईची मुलं आहेत, त्यांना माझं मराठी 'क्यूट' वाटतं. त्यांच्या वाक्यात मराठी शब्द शोधावा लागतो, त्याबद्दल मी त्यांना काही बोलत नाही. म्हणजे, रोज बोलत नाही.

तम्माला बास्केटबॉल त्याच्या उंचीनं लावलं, आवडीनं नाही. शाळेतल्या पीटीच्या सरांनी त्याला रांगेत सगळ्यात मागे उभं बघितलं आणि तिथून ओढून कोर्टावर नेलं. आवड नंतर लागली, आणि लागली ती अशी की आई म्हणायची, हा झोपेतसुद्धा हात वर करतो. बास्केटबॉलच्या जोरावर त्याला शहरातल्या एका बऱ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पुढच्या वर्षी तो राज्याच्या ज्युनियर संघातही गेला. त्या दिवशी अप्पांनी कारखान्यात सगळ्यांना जिलेबी वाटली आणि घरी येऊन विचारलं, "यात नेमके किती जण खेळतात रं?" तोवर त्यांनी एकही सामना बघितला नव्हता.

मग ती नवी लीग आली. व्यावसायिक, टीव्हीवर दिसणारी, रंगीत दिव्यांची. तिच्यात खेळाडू घ्यायचे ते ड्राफ्टनं. म्हणजे संघ एका दिवशी एकत्र बसतात आणि आळीपाळीनं एकेक खेळाडू निवडतात. ज्याचं नाव पुकारलं तो त्या संघाचा, ज्याचं नाही पुकारलं तो घरी. कॉलेज पूर्ण न केलेल्या मुलांनाही त्यात लवकर नाव घालायची मुभा होती. घोडं अडत होतं ते एका नियमापाशी. या लीगचं आणि खेळाच्या संघटनेचं पटत नव्हतं. ड्राफ्टमध्ये नाव घातलं आणि ठरलेल्या मुदतीत मागे घेतलं नाही, की तो मुलगा व्यावसायिक धरला जायचा. त्याला कुणी निवडो न निवडो. मग त्याला कॉलेजचा संघ बंद, राज्याचा संघ बंद, आणि त्या खेळावर पुढे मिळणारी सरकारी नोकरीही बंद. हे सगळं मला ऑफिसातल्या एका पुणेकर मुलानं समजावलं. तो रात्रभर जागून अमेरिकेतले सामने बघणारा. "अर्ली एंट्री म्हणजे हाय रिस्क यार," तो म्हणाला. मी म्हटलं, "मराठीत सांग." तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "परतीचं तिकीट नसतं."

एका रविवारी सकाळी एका संघाचे साहेब आमच्या घरी आले. खेळाडू हेरणं हेच त्यांचं काम. कुठल्याशा स्पर्धेत त्यांनी तम्माला बघितलं होतं आणि घरच्यांना भेटायचं म्हणाले होते. अप्पांनी त्या दिवसासाठी कारखान्यातली जादा पाळी सोडली. आईनं कुणालाही न विचारता कांदेपोहे केले.

"अगं आई, मुलगा आहे आपला," मी स्वयंपाकघरात कुजबुजले. "पोहे आपण खायचे असतात, करायचे नसतात."

आईनं झाऱ्यानं माझ्या हातावर टपली मारली आणि कोथिंबीर चिरायला लावली. पण बाहेरच्या खोलीत जे चाललं होतं ते मी ओळखत होते. साहेबांनी तम्माला उभं राहायला सांगितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. हात पसरायला लावले. त्याचा तळवा आपल्या तळव्याला लावून बघितला. मग आईला विचारलं, तुमच्याकडे कोण उंच आहे, मामा किती उंच, अजून वाढेल का. तम्मा पंख्याखाली मान तिरकी करून उभा होता, कारण सरळ उभा राहिला असता तर पाती लागली असती. चार वर्षांपूर्वी मीही त्याच पंख्याखाली पाण्याचा ट्रे घेऊन चालत आले होते. मी लंगडत नाही ना हे चिकोडीकडच्या पाहुण्यांना बघायचं होतं.

पोहे खाऊन झाल्यावर साहेब म्हणाले, "लडका हमें पसंद है, अंकल. लास्ट राउंड में हमारा टर्न है, टेन्शन मत लीजिए."

अप्पांना हिंदी बेताचं येतं. पण 'पसंद' त्यांना बरोबर कळलं. त्यांनी आईकडे बघितलं. आई आत गेली आणि साखरेची वाटी घेऊन आली. आमच्यात सोयरीक पक्की झाली की साखर देतात. ती खाल्ली की दोन्हीकडचं तोंड बांधलं गेलं; मग मुलीकडच्यांनी दुसरं स्थळ बघायचं नाही आणि मुलाकडच्यांनी दुसरी मुलगी बघायची नाही. अप्पांनी चिमूटभर साखर साहेबांच्या तळहातावर ठेवली. साहेबांनी ती तोंडात टाकली, हात पँटला पुसला आणि हसले. मग अप्पांनी कपाटातून टॉवेल, टोपी आणि नारळ काढला. साहेबांनी टोपी घालून घेतली, अप्पांबरोबर फोटो काढला, आईच्या पाया पडले आणि गाडीत बसून गेले. ते खरंच चांगलं वागले. मला आजही त्यांच्या त्या दिवशीच्या वागण्यात खोट काढता येत नाही, आणि खोट काढणं हा माझा हातखंडा आहे.

"ठरलं," अप्पा दारातून आत येत म्हणाले.

"काय ठरलं?"

"तम्माचं."

"अप्पा, त्यांनी साखर पाहुणचार म्हणून खाल्ली. त्यांच्याकडं त्याचा असला काही अर्थ नसतो."

"साखरंचा अर्थ सगळीकडं एकच असतोय," अप्पा म्हणाले आणि उरलेली साखर त्यांनी तम्माच्या तोंडात घातली. त्यासाठी तम्माला गुडघ्यावर बसावं लागलं.

चिकोडीकडच्या त्या पाहुण्यांनीही माझ्या वेळी साखर खाल्ली होती. नंतर त्यांच्याकडून फोन येईना. अप्पांनी वर्षभर दुसरं एकही स्थळ बघू दिलं नाही. 'आमचं ठरलंय' असं ज्याला त्याला सांगत राहिले. शेवटी त्या मुलाच्या लग्नाचे फोटोच कुणीतरी आत्याच्या मोबाइलवर पाठवले. मुलगी तोंडाळ आहे, असं त्यांच्या कानावर गेलं होतं म्हणे. तोंडाळ मी आहेच, पण त्यांना मी तोवर एक शब्दही ऐकवला नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं. अप्पा मात्र त्या दिवशी जेवताना म्हणाले, "त्यांनी मोडलं. आपण न्हाई मोडलं." त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी ताटावरून उठून गेले होते.

त्याच आठवड्यात तम्माचं नाव ड्राफ्टमध्ये घातलं गेलं. नाव मागे घ्यायची मुदत जवळ आली तेव्हा तम्माच्या कॉलेजच्या कोच मॅडम घरी आल्या. बुटक्या, करड्या केसांच्या बाई, स्वतः कधीकाळी राज्याकडून खेळलेल्या. त्यांनी चहाला नको म्हटलं आणि थेट अप्पांशी कन्नडमध्ये बोलायला लागल्या. मुलगा अजून कच्चा आहे, म्हणाल्या. डावा हात चालत नाही. धक्का बसला की हलतो. एक वर्ष द्या, दोन द्या, मग तो स्वतःच्या पायांनी तिथं जाईल. आत्ता नाव काढून घ्या.

"पण त्यांनी पसंत केलाय," अप्पा म्हणाले.

"अण्णा, ते दहा मुलांना पसंत आहे म्हणतात. त्यांचं कामच आहे ते."

"आमच्या घरी येऊन म्हणालेत. साखर खाऊन गेलेत."

मॅडमना साखरेचं काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांना मानते. त्या नुसत्या "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "तू सांग घरात. तुझं ऐकतील."

माझं आमच्या घरात मांजरसुद्धा ऐकत नाही. तरी मी सांगितलं. ओरडून सांगितलं, भांडून सांगितलं, दोन दिवस अबोला धरून सांगितलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका संघाकडून फोन आला की मुलाला चाचणीला पाठवा, आम्हालाही बघायचंय. अप्पांनी माझ्यासमोर सांगितलं, "न्हाई जमणार. आमचं ठरलंय." आणि फोन ठेवून शांतपणे शर्टाच्या बाह्या दुमडायला लागले. मला त्या क्षणी वाटीभर साखर जमिनीवर ओतावीशी वाटली. मी म्हटलं, "अप्पा, माझ्या वेळी काय झालं ते विसरला?"

"म्हणून काय सगळी माणसं तसलीच असतात?" अप्पा म्हणाले. "एकदा फसलो म्हणून आपण बी शब्द सोडायचा?"

मी गच्चीवर गेले. तम्मा तिथं वाळलेले कपडे काढत होता. आमच्याकडे कपडे काढायचं काम त्याचंच, त्याला काठी लागत नाही.

"तुला काय वाटतं ते तरी सांग," मी म्हटलं. "अप्पांचं सोड. तुझं नाव आहे, तुझा खेळ आहे."

त्यानं दोन-तीन चिमटे काढून खिशात टाकले. मग म्हणाला, "अक्का, मॅडम म्हणतात ते खरंच आहे. माझा डावा हात नाही चालत."

"मग?"

"मग पुढच्या वर्षी ते सगळ्यांना कळेल. आत्ता लोक माझ्याकडं बघतात तेव्हा त्यांना मी पुढं काय होईन ते दिसतं. पुढच्या वर्षी मी काय आहे ते दिसेल." त्यानं अप्पांच्या कारखान्याच्या शर्टाची घडी घातली. "आणि अप्पा कारखान्यात सगळ्यांना सांगून बसलेत. आता मी नाव काढून घेतलं तर त्यांनी शब्द मोडल्यासारखं होईल."

एकोणीस वर्षांचं पोर ते. मला त्याच्या शहाणपणाचा राग आला आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. पण माझं डोकं त्याच्या छातीपर्यंतच पोचतं, त्यामुळे जवळ घेणं वगैरे आमच्यात त्यालाच करावं लागतं. तो मान खाली घालून चिमटे मोजल्यासारखं करत राहिला. मुदत टळली, नाव तसंच राहिलं.

ड्राफ्ट रविवारी दुपारी होता. निपाणीहून काका आले होते. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण अक्कांना आईनं आवर्जून बोलावलं होतं. अप्पांच्या कारखान्यातले दोघे मिठाईचा डबा घेऊन आले, तो आईनं देवापाशी ठेवला. मी मोबाइल टीव्हीला जोडून दिला. तम्मानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि तो पलंगाच्या कडेला गुडघे वर करून बसला होता. आमच्याकडच्या कुठल्याही आसनावर बसलं की त्याचे गुडघे वरच येतात. सुरुवातीला सगळे बोलत होते. काकांनी विचारलं, एकदा नाव आलं की विमानानं जावं लागतं का. घरमालकीण अक्का म्हणाल्या, विमानात याचे पाय मावणार नाहीत. आम्ही हसलो. मीही हसले. मला ते सांगायला हवं, कारण तोवर मी सगळं विसरून हातात रुमाल घट्ट धरून बसले होते आणि मनात 'नाव घ्या, नाव घ्या' एवढंच चाललं होतं. खरं ठरण्याची माझी सगळी हौस त्या दुपारी पार पळाली होती. मला चुकायचं होतं.

एकेक फेरी जात होती. मुलं व्यासपीठावर जात होती, टोप्या घालत होती, आयांच्या गळ्यात पडत होती. शेवटच्या फेरीत आमच्या साहेबांच्या संघाची पाळी आली तेव्हा अप्पांनी हात जोडले. टीव्हीवर साहेब स्वतः दिसले, मागच्या टेबलापाशी, कुणाच्या तरी कानात बोलताना. "हेच ते," अप्पा काकांना म्हणाले. "आपल्याकडं येऊन गेलेले."

मग निवेदिकेनं नाव वाचलं. केरळातल्या कुठल्याशा मुलाचं.

पडद्यावर तो मुलगा रडत हसत होता, त्याच्या आईनं त्याची मान धरून खाली ओढली होती आणि ती त्याच्या कपाळाचे मुके घेत होती.

"अजून असंल," अप्पा म्हणाले.

पडद्यावर दिवे फिरायला लागले, आभाराची भाषणं सुरू झाली. घरमालकीण अक्कांनी हळूच मला विचारलं, "मुगीता?" संपलं का, एवढंच. मी मान हलवली. त्या उठल्या, आईच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. कारखान्यातले दोघे चपला शोधायला लागले. तम्मा उठला आणि म्हणाला, "मी जरा पाणी पिऊन येतो." आणि स्वयंपाकघराच्या दारात त्याचं कपाळ चौकटीवर आपटलं. इतक्या वर्षांत प्रथमच तो वाकायला विसरला होता. आवाज एवढा मोठा झाला की काका उभे राहिले.

"काही नाही," तो म्हणाला. "लागलं नाही." आणि तिथंच दाराला टेकून उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. त्याची पाठ हलत होती. आई उठून गेली आणि त्याच्या दंडाला धरून उभी राहिली. तिला बाकी कुठं पोचताच येत नव्हतं. मिठाईच्या डब्याचं काय करायचं हे कुणालाच सुचलं नाही. तो देवापाशीच राहिला आणि त्याला मुंग्या लागल्या.

त्यानंतर अप्पांचं वाट बघणं सुरू झालं. ते मला ओळखीचं होतं. जेवताना मोबाइल ताटाशेजारी, आंघोळीला जाताना आईच्या हातात. "माणूस कामात असतोय," ते म्हणायचे. "काहीतरी अडचण झाली असंल. कळवतील." त्यांनी स्वतः फोन केले. पहिल्यांदा फोन एंगेज लागला, मग नुसता वाजत राहायचा, मग वाजेनासाही झाला. मी एकदा संतापून म्हटलं, "अप्पा, त्यांच्या फोनात तुमचा नंबर बंद करून टाकलाय. एवढंच झालंय. बाकी काही नाही." अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तो बंद केला होता. मग मी बोलणं सोडलं. माझ्यासारखीनं बोलणं सोडलं म्हणजे घरात किती शांतता झाली असेल बघा.

कोच मॅडमनी पुष्कळ खटपट केली. संघटनेत दोनदा जाऊन आल्या. पण नियम म्हणजे नियम. ज्युनियर संघ स्पर्धेला गेला तो तम्माशिवाय. कॉलेजच्या संघातला त्याचा नंबर पहिल्या वर्षाच्या एका मुलाला दिला गेला. जर्सी तम्माकडेच होती. आईनं ती धुतली, इस्त्री केली आणि तम्मानं ती पिशवीत घालून स्वतः नेऊन दिली. संध्याकाळी आल्यावर मी विचारलं, "कसा आहे रे तो मुलगा?"

"चांगलाय," तो म्हणाला. "त्याला जर्सी लांब होते, पण आत खोचली की चालतंय." मग रिकाम्या पिशवीची घडी घालत म्हणाला, "अक्का, त्याचा डावा हात चालतो."

तो रोज कोर्टावर जातच राहिला. खेळायला नाही. मॅडम त्याला चेंडूत हवा भरायला सांगत, मुलांना पास द्यायला सांगत, आणि सामना असला की गुणफलकाच्या टेबलावर बसवत. तिथं बसायला संघटनेचा नियम आडवा येत नव्हता. कॉलेज त्यानं सोडलं नाही, याचं श्रेय मी मॅडमनाच देते. घरी मात्र तो गच्चीवरच्या दोरीवरून कपडे काढायला जायचा आणि तिथंच बसून राहायचा. आई मला म्हणायची, जा बघ, उशीर झाला. मी जायची. तो कपडे मांडीवर घेऊन बसलेला असायचा, सगळे घडी घातलेले. काही विचारलं की म्हणायचा, "कुठं काय." त्याचं असं बसणं बघून मला जे व्हायचं त्याला मराठीत काय म्हणतात मला माहीत नाही.

मग एक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आली. सामने इंदिरानगरजवळच्या एका बंदिस्त कोर्टावर होते. तम्मा गुणफलकावर बसणार होता. अप्पांनी रजा टाकली. आई म्हणाली, "अहो, तो खेळणार न्हाई तिथं." अप्पा म्हणाले, "माझा मुलगा मैदानावर असणार न्हवं? मग मी जाणार." बोम्मसंद्र्याहून ते मेट्रोनं आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मी ऑफिसातून चालत जाऊन त्यांना वाटेत गाठलं. आम्ही कोर्टाच्या बाजूच्या पायऱ्यांवर बसलो. समोर टेबलामागे तम्मा बसला होता. टेबल लहान, खुर्ची लहान, तो पाय टेबलाखाली सगळे गोळा करून, पाठ वाकवून बसला होता. तसा बसला की तो इतरांएवढाच दिसतो. हातात फलकाचं बटण होतं. त्यानं आम्हाला बघून हसल्यासारखं केलं.

दुसऱ्या सत्रात दारातून साहेब आत आले. मी त्यांना लगेच ओळखलं. तोच गॉगल डोक्यावर, तोच मोकळा चेहरा. ते पायऱ्यांच्या खालच्या टोकाला उभे राहून खेळ बघायला लागले. इतके महिने मी त्या माणसाला मनातल्या मनात काय काय सुनावलं होतं. बसमध्ये, अंघोळ करताना, ऑफिसच्या बैठकीत बसून. सगळी वाक्यं तयार होती. मी उठायच्या आत अप्पा उठले.

"अप्पा, बसा," मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला आणि पायऱ्या उतरून गेले. मी मागोमाग. वाटलं, आता अप्पा ओरडतील. माझ्या आयुष्यात एकदा तरी ओरडतील. लोक बघतील, खेळ थांबेल, थांबू दे.

अप्पांनी साहेबांना हात जोडले. "नमस्कार साब. बरं है ना?"

साहेबांनी हसून हात जोडले. "नमस्ते अंकल." त्यांना ओळख पटली नव्हती, ते स्पष्ट दिसत होतं.

"आप हमारे घर आए थे. आनेकल. शक्कर खाके गए थे."

"अरे हाँ हाँ! शक्कर, टोपी!" साहेबांचा चेहरा खरोखर उजळला. त्यांना टोपी आठवली. "कैसे हैं आप? आंटी कैसी हैं?"

"अच्छे हैं." अप्पा थांबले. मग त्यांनी जे विचारलं ते मी या जन्मात विसरणार नाही. माझ्या वेळी चिकोडीकडच्यांना विचारायचं राहून गेलेलंच ते असावं. "साब, हमारे लडके में क्या कमी था?"

साहेब गोंधळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, परत अप्पांकडे बघितलं. "अंकल, वैसा कुछ नहीं होता… कौनसा लडका आपका?"

"वो," अप्पा म्हणाले. त्यांना तम्माचं वर्णन करायचं होतं आणि त्यांच्या जिभेवर आमच्या गल्लीत, कारखान्यात, निपाणीत, सगळीकडे पुरणारा एकच शब्द होता. "वो ऊंचा लडका."

साहेबांनी कोर्टाकडे नजर टाकली. तिथं सगळीच मुलं उंच होती. एकाहून एक उंच, घामानं निथळत, धावत होती. साहेबांचे डोळे एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जात होते. "इनमें से कौनसा?" त्यांनी अगदी आपुलकीनं विचारलं.

अप्पांनीही कोर्टाकडे बघितलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच इतकी उंच मुलं एका जागी बघितली असावीत. त्यांचा वर उचललेला हात तसाच राहिला.

टेबलापासून आम्ही चार हातांवर होतो. तम्मानं सगळं ऐकलं होतं. त्यानं गुणफलकाचं बटण खाली ठेवलं, खुर्ची मागे सरकवली आणि तो उभा राहिला. वाकून नाही. पूर्ण सरळ, हात बाजूला, छाती पुढे, त्या रविवारी सकाळी आमच्या खोलीत पंख्यामुळे जसं उभं राहता आलं नव्हतं तसा. तो साहेबांकडे बघत नव्हता. समोर कुठंतरी बघत होता. उंची मोजताना बघतात तसं.

"अच्छा, अच्छा," साहेब म्हणाले. "गुड हाइट."

ज्या वाक्यांचा मी इतके महिने साठा केला होता त्यातलं एकही मला आठवेना. मी टेबलापाशी गेले आणि त्याच्या दंडाला हात लावला. "बस, तम्मा," मी म्हटलं. "खाली बस."

तो बसला नाही. अप्पा अजून बघत होते ना, म्हणून. कोर्टावर कुणीतरी बास्केट टाकली होती, फलकावरचा आकडा बदलायचा राहिला होता, आणि पंच टेबलाकडे बघून शिट्टी वाजवत होते.